‘पसरतो’ म्हणजे ‘लागतो’ का? लिव्हरच्या कॅन्सरचं एक प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी काम करते. हे प्रकरण तिथलं. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. प्रकरणात माझी एक चूक आहे. तिच्यापायी सात आठवडे वाया गेले, म्हणून ती सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

अण्णा तेव्हा ५८ वर्षांचे. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. विशीत मुंबईला आले, लोअर परळच्या एका छापखान्यात बाइंडिंगला लागले आणि शेवटपर्यंत तेच काम केलं. काळाचौकीच्या चाळीत एक खोली, वर पोटमाळा, बाहेर गॅलरी. घरात बायको (मी त्यांना काकू म्हणायचे), थोरला मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू. धाकटी मुलगी लग्न होऊन कल्याणला.

अण्णा माळकरी. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. त्यामुळे उजव्या कुशीत दुखायला लागलं, वजन झपाट्याने उतरलं आणि सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली, तेव्हा घरातल्या कुणाला ते खरंच वाटेना. चाळीत कुजबुज सुरू झाली की पीत असणार, फक्त लपून. काकूंना आजारापेक्षाही त्या कुजबुजीचा जास्त त्रास झाला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

ट्रिपल फेज सीटी झाला, रक्तात एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं एक प्रथिन) खूप वाढलेलं आलं. निदान झालं हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे लिव्हरच्या स्वतःच्याच पेशींतून सुरू होणारा कॅन्सर. मोठ्या माणसांत लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतेक याच प्रकारचे असतात. गाठ पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेत शिरली होती, त्यामुळे ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. गोळ्यांवर ठेवायचं ठरलं.

ओपीडीत डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, “कॅन्सर पसरायला लागलाय.” डॉक्टरांच्या मनात ती शीर होती. मुलाच्या मनात त्याची बायको आणि पोर.

अडचण

जूनच्या पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरनी मुलाला माझ्याकडे पाठवलं. त्याने विचारलं, “मॅडम, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाबांची सोय होईल का?” ती धर्मशाळा बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्यांसाठी आहे, आणि हा माणूस रुग्णालयापासून चालत पंधरा मिनिटांवर राहणारा. मी म्हटलं, घर इतकं जवळ असताना धर्मशाळा कशाला? तो खाली बघून बोलायला लागला.

घरात अण्णांचं ताट-वाटी-पेला वेगळा केला होता. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. नातू रोज संध्याकाळी त्यांच्याच ताटात जेवायचा, ते बंद झालं. पोर आजोबांकडे धावलं की सून त्याला दंडाला धरून मागे ओढायची. सामाईक नळावर शेजारणी अण्णांची कळशी लागली की आपली बाजूला घ्यायच्या. अण्णा स्वतःहून गॅलरीत झोपायला लागले होते. पावसाळा तोंडावर होता.

खरी तातडीची बाब त्याने सगळ्यात शेवटी सांगितली. धाकट्या बहिणीला पाचवा महिना सरत होता, डॉक्टरी हिशेबाने २२ आठवडे. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायची. “तिला आणायचं की नाही? बाळाला लागलं तर?”

माझं पहिलं उत्तर

मी त्याला समोर बसवलं आणि ठामपणे सांगितलं की कॅन्सर लागत नाही. एका ताटात जेवा, एका पांघरुणात झोपा, नातवाला मांडीवर द्या, बहिणीला खुशाल आणा. पुढच्या सोमवारी काकू आणि सुनेलाही बोलावून हेच सांगितलं. सून रडली. त्याच रात्री ताट एक झालं.

मला बरं वाटलं होतं. सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं, आणि उरलेलं अर्धं अण्णांच्या केसपेपरवर लिहिलेलं होतं. तो मी उघडलाच नव्हता.

कॅन्सर का लागत नाही

मी घरच्यांना जे समजावलं ते इथे मांडते, कारण त्यात आजही बदल करावासा वाटत नाही.

कॅन्सर बाहेरून आलेला जंतू नसतो. त्या माणसाच्याच पेशी बिघडलेल्या असतात, ताबा सुटल्यासारख्या वाढत असतात. अशा पेशी दुसऱ्याच्या अंगात शिरल्या, तरी ते शरीर त्यांना परकं म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं. सुनेने विचारलं, “नक्की मारतं?” मी किडनी बदलण्याचं उदाहरण दिलं. सख्ख्या भावाने दिलेली किडनीसुद्धा शरीर सहजी स्वीकारत नाही, ती टिकावी म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. मग आजोबांची एखादी पेशी नातवाच्या अंगात तग कशी धरेल? आणि ताटातून तर ती जातही नाही. हे तिला पटलं. शेजारच्या चाळीत किडनी बदललेला माणूस होता.

अपवाद आहेत, पण ते घरगुती सहवासातले नाहीत. अवयवदानात दात्याचा न कळलेला कॅन्सर अवयवाबरोबर गेल्याच्या घटना आहेत. तिथे घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. गरोदर आईचा कॅन्सर पोटातल्या बाळात गेल्याच्याही अत्यंत विरळा नोंदी आहेत. प्राण्यांत मात्र खरोखर लागणारे कॅन्सर आहेत. टास्मानियन डेव्हिल या प्राण्यांत एकमेकांना चावल्याने तोंडाचा कॅन्सर पसरतो, तो पहिल्यांदा १९९६ साली दिसला. कुत्र्यांतही समागमातून लागणारा एक आहे. माणसांत माणसाकडून माणसाला असा फिरणारा कॅन्सर नाही.

घोळ आपल्या शब्दातही आहे. डॉक्टर ‘पसरला’ म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं एकाच शरीरात, एका जागेवरून दुसऱ्या जागी. पण साथ पसरते, खरूज पसरते, हेही आपण त्याच शब्दात बोलतो. त्या दिवसापासून मी ‘अंगात पसरतो’ आणि ‘दुसऱ्याला लागतो’ हे दोन्ही वाक्यप्रयोग प्रत्येक कुटुंबासमोर वेगवेगळे उच्चारते.

केसपेपरवरची ओळ

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात काकू महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी आल्या. केशरी रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट. मी अर्ज भरायला केसपेपर चाळत होते आणि तिसऱ्या पानावर दिसलं: एचबीएसएजी रिॲक्टिव्ह.

म्हणजे अण्णांना हिपॅटायटिस बी होता, तोही जुना. आपल्याकडे काही लोक याला पांढरी कावीळ म्हणतात, पण गंमत अशी की बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गपचूप राहतो, स्वतःचा जनुकीय मजकूर लिव्हरच्या पेशींत घुसवतो आणि काही जणांत तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सर होतो. दारूची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

कॅन्सर लागत नाही, पण हा विषाणू लागतो. रक्तातून, समागमातून, निर्जंतुक न केलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून, एकाच ब्लेडमधून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तात तो किमान सात दिवस जिवंत राहतो. ताटातून, पाण्यातून, मिठीतून, खोकल्यातून लागत नाही. म्हणजे घरच्यांनी जे वेगळं केलं होतं त्याची गरज नव्हती, आणि जे वेगळं ठेवायला हवं होतं ते कुणालाच सुचलं नव्हतं. बाप-लेक एकच रेझर वापरत होते.

मी काकूंना विचारलं, घरात आणखी कुणाचं लिव्हर बिघडलं होतं का? त्या अगदी सहज म्हणाल्या, “मोठे दीर गेले ना, पन्नाशीच्या आतच. पोटात पाणी झालं होतं. तेपण माळकरी. आणि सासूबाई काविळीने गेल्या.” एकाच आईची दोन मुलं. मी अर्ज बाजूला ठेवला. मुलगी आता २९ आठवड्यांची होती आणि दोन दिवसांपूर्वीच माहेरी आली होती, माझ्या भरवशावर.

डॉक्टरांनी अण्णांना विषाणूवरची टेनोफोव्हिर सुरू केली होती. “घरच्यांचं रक्त तपासून घ्या” हे मात्र कुणीच म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना वाटलं समुपदेशनात सांगतील, आणि मला वाटलं सांगण्यासारखं काही असतं तर डॉक्टर बोलले असते. गर्दीच्या ओपीडीत अशा फटी पडतात. पण घरच्यांनी ‘लागतं का’ हा प्रश्न नेमका मलाच विचारला होता.

समोरचे पर्याय

त्या दुपारी लिव्हर क्लिनिकच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही तीन वाटांचा विचार केला.

सगळ्यात जलद वाट म्हणजे मुलीला फोन करून उद्याच रक्त द्यायला बोलावणं. वेळ खरंच कमी होता. पण आजार अण्णांचा, माहिती त्यांची, आणि ती त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर काढायचा हक्क आम्हाला नव्हता.

दुसरी, सगळ्या घराला बसवून एकदमच सांगणं. मला ती आधी बरी वाटली होती. डॉक्टरांनी अडवलं. हा विषाणू समागमातून लागतो हे वाक्य सासू, सून, मुलगा आणि गरोदर मुलगी यांच्यासमोर उच्चारलं की काकूंच्या मनात पहिला विचार काय येईल? बत्तीस वर्षांच्या संसारावर एका वाक्यात संशय. आणि चाळीच्या भिंती पातळ असतात.

तिसरी वाट होती आधी अण्णांना एकट्याला सांगायची, त्यांच्या संमतीने काकूंना, मग एकेकाला. यात दोन-तीन दिवस जाणार होते. २९व्या आठवड्यात ते परवडण्यासारखे होते. ३८व्या आठवड्यात नसते, हे मी लिहून ठेवते.

चौथीही एक होती, तिच्याबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही. मुलीच्या बाळंतपणाच्या तपासण्यांत हे आलंच असेल असं समजून गप्प बसणं. नंतर कळलं की तिच्या फाईलमध्ये हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही सगळं होतं. ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावापुढची जागा कोरी होती. तिला वाटलं होतं ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असेल. एचबीएसएजीचंच ते जुनं नाव आहे. १९६०च्या दशकात बारूच ब्लुमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं म्हणून पडलेलं. पुढे १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडच्या काही लॅबच्या पावत्यांवर अजून तेच नाव छापलेलं असतं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि मी अण्णांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “हे मला कुठून आलं?” डॉक्टरांनी सांगितलं की खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही, पण भावाचं आणि आईचं ऐकल्यावर बहुधा जन्माच्या वेळीच. बाळपणी लागण झाली तर दहातल्या नऊ जणांत विषाणू कायमचा राहतो. मोठेपणी झाली तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. अण्णांनी लगेच संमती दिली आणि म्हणाले, “आईला दोष नका देऊ. तिला काय माहीत होतं.” आम्ही कुणीच तिला दोष दिला नव्हता.

काकूंना त्यांनी स्वतः सांगायचं ठरवलं, मी बाजूला बसले. ‘आईकडून’ हा शब्द आधी आला, ‘समागम’ नंतर, आणि तोही तपासणीचं कारण म्हणून. हा क्रम आम्ही मुद्दाम ठरवला होता. काकूंच्या चेहऱ्यावर भीती दिसली, संशय दिसला नाही.

मग मुलाला आणि सुनेला. मी त्यांना आधी हे सांगितलं की मी जूनमध्ये अर्धंच सांगितलं होतं आणि ते माझं चुकलं. सून पटकन म्हणाली, “मग ताट पुन्हा वेगळं करू?” याचीच मला धास्ती होती. मी तिला कागदावर दोन रकाने करून दिले. एकीकडे ताट, पाणी, संडास, पांघरूण, पापी. दुसरीकडे रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, उघडी जखम, सांडलेलं रक्त. पहिला रकाना एकत्र, दुसरा ज्याचा त्याचा. तो कागद कित्येक महिने त्यांच्या आरशाच्या फ्रेममध्ये खोचलेला होता.

मुलीचं रक्त त्याच दिवशी घेतलं.

काकूंच्या रक्तात जुन्या लागणीची खूण होती, पण विषाणू नव्हता. कधीतरी लागला आणि शरीराने काढून टाकला. मुलगा आणि सून निगेटिव्ह. दोघांना लस सुरू केली: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. नातवाचं लसीकरण कार्ड पाहिलं. हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट (हिपॅटायटिस बीसह पाच आजारांवरची लस), सगळं नोंदलेलं. आजोबांच्या ताटात जेवणारा पोरगा घरातला सर्वांत सुरक्षित माणूस होता.

मुलगी पॉझिटिव्ह आली. विषाणूचं प्रमाण खूप जास्त, गरोदरपणात ज्याच्या वर औषध देतात त्या मिलिलिटरमागे २ लाख एककांच्या मर्यादेच्या कितीतरी वर.

तिला अण्णांची बोटं आठवली. छापखान्यात कागदाच्या धारेने आणि कटिंग मशिनने ती कायम चिरलेली असायची. लहानपणी तिला खरूज व्हायची आणि मलम अण्णाच लावायचे, कारण आई लावायला गेली की ती रडायची. असंच झालं असेल असं नाही. हे तिने मला बाहेरच्या बाकावर सांगितलं आणि अण्णांना कधीही बोलून दाखवणार नाही असं म्हणाली. आठवड्याने अण्णांनी मला नेमका हाच प्रश्न विचारला, स्वतःची बोटं पुढे करून. मी एवढंच म्हटलं की ते कुणालाही कळणार नाही, आणि आता बाळासाठी करण्यासारखं बरंच आहे.

ते बरंच म्हणजे हे. मुलीला टेनोफोव्हिर सुरू झाली, म्हणजे बाळंतपणापर्यंत रक्तातला विषाणू कमी होईल. बाळाला जन्मल्याबरोबर, शक्यतो १२ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन आणि लसीचा पहिला डोस. हे इंजेक्शन आधीच मिळवून ठेवावं लागतं, रात्री दोनला बाळ झाल्यावर शोधत फिरायचं नसतं. त्यामुळे प्रसूती कल्याणच्या छोट्या नर्सिंग होमऐवजी आमच्याकडे करायचं ठरलं. २८ जुलै २०१८ पासून देशात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. पैशाची चिंता निदान इथे नव्हती.

सासरी सांगायचं का, हा निर्णय तिचा होता. तिने नवऱ्याला सांगितलं, कारण त्याचं रक्त तपासणं गरजेचं होतं. सासूला नाही. दवाखाना का बदलला याचं कारण सासूला ‘माहेरचं मोठं हॉस्पिटल’ एवढंच कळलं. नवरा निगेटिव्ह निघाला आणि त्याने लस घेतली. सासूला न सांगण्याबद्दल आमच्या विभागात मतभेद होते. मला ते योग्य वाटलं, आजही वाटतं. न सांगण्यातून सासूला फारसा धोका नव्हता, सांगण्यातून मुलीला मात्र होता.

निष्पत्ती

ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. दोन्ही इंजेक्शनं तीन तासांच्या आत दिली गेली. आईने अंगावर पाजलं, त्याला काहीच हरकत नव्हती. बारशाला अण्णा पाळण्याशेजारी खुर्चीवर बसले होते, आणि नाव कानात सांगून झाल्यावर बाळ आधी त्यांच्याच मांडीवर दिलं गेलं. चाळीतल्या बायकांसमोर.

अण्णा पुढच्या मे महिन्यात गेले, घरी, निदानानंतर वर्षाच्या आत. कॅन्सर शोधला गेला तेव्हाच उशीर झाला होता. विषाणू असलेल्या माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करतात ते गाठ लहान असताना पकडण्यासाठी, पण अण्णांना विषाणू आहे हेच गाठ दिसेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर रक्त तपासलं. विषाणू नाही, लसीचं संरक्षण उत्तम. तिच्या आईचे आता लिव्हर क्लिनिकमध्ये सहा महिन्यांचे फेरे सुरू आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, केसपेपर उघडायला हवा होता. ‘लिव्हरचा कॅन्सर लागतो का’ याचं उत्तर तो कशामुळे झाला यावर अर्धं अवलंबून असतं. हिपॅटायटिस बी असेल तर घरच्यांची तपासणी आणि लस. हिपॅटायटिस सी असेल तर लस नाही, पण काही आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५हून जास्त बरे होतात, आणि तपासणी तिथेही हवी. दारू किंवा फॅटी लिव्हर असेल तर लागण्यासारखं काहीच नाही. तीन कुटुंबांना तीन वेगळी उत्तरं द्यायची असतात आणि मी सगळ्यांना एकच देत आले होते.

जूनमध्येच तपासलं असतं तर मुलीच्या औषधाला सात आठवडे जास्त तयारी मिळाली असती. पण २२ आठवड्यांना कळून गोळी साधारण २८व्या आठवड्याच्या आसपासच सुरू झाली असती, म्हणजे औषधाचं नुकसान फार झालं नाही. हे समर्थन म्हणून सांगत नाही. तो योजनेचा अर्ज काकूंनी ऑक्टोबरमध्ये आणला असता तर काय, हा विचार मी बरेच दिवस करत होते.

आणि उलट्या बाजूचंही सांगायला हवं. जूनमध्ये मी घाईघाईने ‘विषाणू लागतो’ एवढंच सांगितलं असतं, तर अण्णा गॅलरीतच राहिले असते. आधी ताट एक झालं आणि मग रेझर वेगळा झाला, हा क्रम आम्हाला अपघाताने मिळाला. आता मी तो मुद्दाम ठेवते, पण एकाच बैठकीत.

एक गोष्ट तेव्हा पूर्ण सुटली होती. थोरले दीर गेले, पण त्यांची दोन मुलं साताऱ्याला आहेत, दोघंही तिशीपुढची. एका आईची दोन मुलं असं मी म्हटलं, आणि त्यातल्या एकाच्याच घराकडे बघत राहिले. अण्णांच्या दिवसांना काकूंनी दोघांना माझा नंबर दिला. धाकटा गेल्या महिन्यात तपासून आला, पॉझिटिव्ह आहे, सोनोग्राफी स्वच्छ आहे, औषधाचं ठरतंय. थोरला म्हणतो, मला काही होत नाही, कशाला उगाच. त्याला मी पुढच्या सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.